पाटीमास्तरांनी पुसलेला पत्ता

पाटीमास्तर काही खरे मास्तर नव्हते. शाळेत शिकवायला ते कधी गेले नाहीत, आणि शिकायला गेले तेही जेमतेम. पण गावातली एकही पाटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. रस्त्याने चालताचालता मध्येच थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "तुमच्या या अक्षराचं पोट सुटलंय." दुकानदार आधी स्वतःच्या पोटाकडे बघायचा, मग पाटीकडे. अशा चुका काढत फिरण्यामुळे लोक त्यांना मास्तर म्हणू लागले, आणि पाट्या रंगवणारे म्हणून पाटीमास्तर. मूळ नाव बहुधा बायकोलाच आठवत असावे, आणि तीही ते फक्त भांडताना वापरायची.

घरामागे त्यांची पत्र्याची खोली होती. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, खिळ्यांना उलटे टांगलेले ब्रश, झाकणाला झाकण चिकटून बसलेले डबे. टर्पेंटाइनचा वास अंगात इतका मुरलेला की बायको म्हणायची, "यांना डास चावत नाहीत. नुसते हुंगतात आणि माझ्याकडे येतात."

मास्तरांचा एक नियम होता, आणि तो कोणाच्या बापासाठीही मोडायला ते तयार नसत. जुन्या पाटीवर नवी पाटी रंगवायची नाही. आधी जुनी खरवडायची, घासायची, लाकडाचे लाकूड दिसेपर्यंत कोरी करायची, मगच नव्या अक्षराला हात घालायचा. हा नियम कसा आला ते ऐकण्यासारखे आहे. मास्तर तरुण होते तेव्हा एका दाताच्या डॉक्टरने बाजारात गाळा घेतला. त्या गाळ्यात आधी एक सुतार होता, शवपेट्या करणारा. डॉक्टरला घाई, मास्तरांना उत्साह. जुन्याच फळीवर पांढऱ्याचे दोन हात फिरवले आणि वर झोकात लिहिले, 'दात न दुखता काढले जातील'. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या वर्षी ऊन असे काही तापले की पांढरा रंग पातळ पडला आणि खालचे अक्षर वर उमटू लागले. डॉक्टरच्या वाक्याखाली, अगदी स्वच्छ, 'मापाप्रमाणे शवपेट्या तयार'. पेशंट गाल धरून दारापर्यंत येत, पाटी वाचत आणि गाल धरूनच परत जात. तो डॉक्टर मास्तरांच्या खोलीत येऊन जे बोलला ते लिहिण्यासारखे नाही. पण तेव्हापासून मास्तर ज्याला त्याला सांगत, "जुनं अक्षर मेलेलं नसतं. दडून बसलेलं असतं. त्याला पुरतं पुसा, नाहीतर ते तुम्हाला पुसेल."

पुढे छपाईची यंत्रे आली. प्लास्टिकच्या कापडावर वाटेल ते रंग, वाटेल ते फोटो. सकाळी सांगा आणि दुपारी घेऊन जा. गावात ते यंत्र पहिल्यांदा कोणी आणले, तर मास्तरांच्या सख्ख्या पुतण्याने. हा पुतण्या मास्तरांच्याच खोलीत ब्रश धरायला शिकलेला. हात चांगला होता, बूड स्थिर नव्हते. एक अक्षर काढले की उठून चार घरी दाखवून यायचा. यंत्राला असले नखरे चालतात. बघताबघता अर्ध्या गावाच्या दुकानांवर त्याचे कापड फडफडू लागले आणि मास्तरांच्या खोलीतले ब्रश वाळून काटक्या झाले.

मास्तर हातपाय गाळून बसले असते, पण लेक बापाच्या वळणावर गेलेली. तिने लग्नाआधीच त्यांना एक वेबसाइट करून दिली. आधी नुसते पाट्यांचे फोटो होते. मग मास्तर सांगू लागले आणि ती टाइप करू लागली. ती सासरी गेल्यावर ते स्वतःच एका बोटाने ठोकू लागले. काळा रंग उन्हात तपकिरी का पडतो, काचेवर आतल्या बाजूने उलटे कसे लिहायचे, गोलाई काढताना श्वास कुठे रोखायचा आणि कुठे सोडायचा, एकेका गोष्टीला एकेक पान. वर्षे गेली, पाने साठत गेली. आणि झाले काय, की कोणीही कुठेही बसून 'हाताने रंगवलेली पाटी' असा सर्च केला की पहिले नाव मास्तरांचे येऊ लागले. लांबलांबची माणसे विचारणा करू लागली. कोणाला बेकरीची पाटी हवी, कोणाला नावेवर नाव हवे. ब्रश पुन्हा ओले झाले.

रोज सकाळी चहा पुढ्यात निवत ठेवून मास्तर मोबाइलवर स्वतःलाच शोधायचे. बायको ओट्याजवळून विचारायची, "आहात का अजून?"

"आहे. पहिलाच."

"मग प्या आता तो चहा."

पुतण्या त्याच यादीत कुठेतरी खाली, चार लोकांच्या मागे. हे सुख मास्तरांनी कधी तोंडाने बोलून दाखवले नाही. पण ते यादी खाली सरकवत सरकवत पुतण्यापर्यंत जात, तो तिथेच आहे याची खात्री करत, आणि मग चहा पीत.

आता खरी गोष्ट सुरू होते. गावातला जुन्या बाजाराचा रस्ता नगरपालिकेने दुरुस्त करायला काढला. जुनी दगडी दुकाने साफ करायची, लोंबणाऱ्या तारा जमिनीखाली घालायच्या, आणि वरचे सगळे प्लास्टिक उतरवून दुकानादुकानावर हाताने रंगवलेली पाटी लावायची. काम एका आर्किटेक्ट बाईंकडे होते. बाई बाहेरच्या. त्या कोणाच्या ओळखीपाळखीने माणूस घेत नाहीत, स्वतः शोधून, काम बघून ठरवतात, असे मास्तरांना चष्मेवाल्याने सांगितले. चष्मेवाला त्या रस्त्यावरचाच, मास्तरांचे जुने गिऱ्हाईक.

मास्तर त्या रात्री नीट जेवले नाहीत. त्यांच्या उजव्या अंगठ्याला कंप येऊ लागला होता. सकाळी हात स्थिर असे, उन्हे कलली की ब्रश ऐकेनासा होई. आणखी थोडी वर्षे, मग संपले, हे त्यांना ठाऊक होते. त्याआधी तो अख्खा रस्ता आपल्या हातचा व्हावा आणि तो आपल्या हातचा आहे हे लोकांना माहीत असावे, एवढेच एक मागणे उरले होते. बायकोला ते इतकेच म्हणाले, "बाई शोधतील म्हणजे सर्चच करतील ना?"

"मग काय, दवंडी पिटतील?" बायको म्हणाली.

मास्तर निर्धास्त झाले. सर्चमध्ये आपणच पहिले.

त्याच सुमारास चष्मेवाल्याने आपला मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "मास्तर, हे काय हो? तुमची साइट उघडली की वरती पत्त्याशेजारी 'असुरक्षित' म्हणून येतंय."

मास्तरांनी डोळे बारीक केले. खरेच. त्यांच्या नावाच्या आधी, डाव्या अंगाला, 'असुरक्षित'. जन्मभर ज्या माणसाने लोकांच्या दारावर लिहिले, त्याच्या दारावर कोणीतरी न विचारता हे लिहून गेले होते, आणि तेही कसल्या बेचव अक्षरात.

"यात काय असुरक्षित आहे? रंग कसा कालवायचा ते सांगितलंय. कोणी पितो का तो?"

"मला काय विचारता? मी चष्मे विकतो."

पुढच्याच रविवारी पुतण्या घरी आला आणि जेवताना त्याने मुद्दाम विषय काढला. "काका, माझ्या साइटला कुलूप आहे बघा. तुमच्याला नाही. लोक घाबरतात हो कुलूप नसलं की."

"चोराच्याच घराला कुलूप लागतं," मास्तर म्हणाले. पण आर्किटेक्ट बाई आपले पान उघडतील आणि पहिला शब्द कोणता वाचतील, हा विचार मनातून जाईना.

लेकीला फोन झाला, आणि तिने नवऱ्याला कामाला लावले. जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत. शांत माणूस, सासऱ्यांशी बोलताना वाक्याच्या आधी थोडा थांबणारा. सुट्टीला आला तो मास्तरांच्या खोलीत स्टूल ओढून बसला आणि काम करताकरता समजावून सांगू लागला.

"बाबा, आतापर्यंत तुमचा पत्ता एचटीटीपीने सुरू व्हायचा. आता तो एचटीटीपीएसने सुरू होईल. एकच अक्षर जास्त. त्या एका अक्षरामुळे कुलूप लागतं, म्हणजे वाटेत कोणी मध्ये हात घालू शकत नाही. पण सर्चच्या हिशेबी हा नवा पत्ता झाला. म्हणून प्रत्येक जुन्या पानावर खूण ठेवावी लागते, की हे पान कायमचं अमुक ठिकाणी गेलंय, तिकडे जा. एकेका पानाची एकेक खूण. सगळ्यांना नुसतं पहिल्या दारात आणून सोडलं तर काचेवरचं लिखाण शोधणारा माणूस दारातच गोंधळतो आणि निघून जातो."

"खूण किती दिवस ठेवायची?"

"काढायचीच कशाला? वर्षभर तरी हात लावायचा नाही. राहू दे कायमची."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे जुनी पाटी लटकतीच ठेवायची?"

"लटकती नाही. ती नव्याकडे बोट दाखवते. आणि काही दिवस सर्चमध्ये खाली-वर होईल. अर्धी पानं जुन्या पत्त्याने दिसतील, अर्धी नव्या. घाबरायचं नाही. आपोआप बसेल जागेवर."

जावयाने काम चोख केले. पानापानांच्या आतले दुवे बदलले, फोटोंचे पत्ते बदलले, पानांची नवी यादी सर्चला कळवली. कुलूप लागले. जाताना त्याने मास्तरांच्या मोबाइलवर साइटच्या मालकासाठी असलेले सर्चचे खाते उघडून दिले. कोणत्या शब्दाने किती लोक आले ते तिथे दिसायचे. मास्तरांना तेवढाच विरंगुळा. इथेच सगळे बिघडले. चूक म्हणावी तर जावयाची एवढीच, की त्याने किल्ली नको त्या चोखंदळ माणसाच्या हाती दिली.

पहिले काही दिवस मास्तर शांत होते. मग एका सकाळी चहाच्या वेळी बायकोने विचारले, "आहात का?"

मास्तरांनी यादी पुन्हा वरपासून बघितली. ते तिसऱ्या नंबरावर होते. पहिल्यावर कोणी परका, आणि दुसऱ्यावर, मधल्या काळात वर सरकलेला पुतण्या.

जावई म्हणाला होता त्याप्रमाणेच हे चालले होते. पण सांगितलेले ऐकणे वेगळे आणि पुतण्याच्या खाली आपले नाव बघणे वेगळे. त्यातून मास्तरांच्या ध्यानात आले, की यादीत त्यांची काही पाने अजून जुन्याच पत्त्याने येत आहेत. बिनकुलपाची. एक पान नवे, एक जुने, पुन्हा एक नवे. पांढऱ्याखालून जुने अक्षर उमटावे तसे. त्यांना तो दाताचा डॉक्टर आठवला असेल की नाही कोण जाणे, पण हात शिवशिवू लागले.

त्यांनी जावयाला फोन केला. "जावईबापू, जुनं दिसतंय हो खालून."

"दिसू दे, बाबा. थांबा थोडं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी लेकीनेच फोन घेतला. "बाबा, ते ऑफिसात असतात. तुम्हाला एकदा सांगितलंय ना थांबा म्हणून? तुमच्या फळीवर कोणी येऊन 'इथे अजून एक हात मारा' म्हटलं तर चालतं का तुम्हाला?"

लेक बोलली ते खरे होते, म्हणूनच ते झोंबले. मास्तरांनी फोन ठेवला आणि ठरवले, आता कोणाच्या दाराशी जायचे नाही. आपली पाटी आपण पुसायची.

सर्चच्या त्या खात्यात डाव्या बाजूला शब्दांची रांग होती. त्यात एक शब्द होता, 'काढून टाकणे'. मास्तरांना इतका ओळखीचा, आपल्या धंद्यातला शब्द त्या सबंध मोबाइलमध्ये प्रथमच भेटला. त्यांनी तो दाबला. पत्ता विचारला, त्यांनी जुना पत्ता दिला. 'हे सर्चमधून तात्पुरते लपवायचे का?' असे काहीसे विचारले. मास्तर मनाशी म्हणाले, तात्पुरते तर तात्पुरते, तेवढ्यात नवा रंग वाळेल. आणि 'हो' दाबले. मग दुसरे पान. मग तिसरे. बाकावर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, सॅण्डपेपर फिरवावा तसे एकेक पान ते घासत गेले. एकही कोपरा सोडला नाही. उठले तेव्हा अंग हलके झाले होते. बायकोला म्हणाले, "आज फळी कोरी केली."

मास्तरांना जे माहीत नव्हते ते असे. सर्चला काही लपवायला सांगितले की ते बिनकुलपाचा पत्ता आणि कुलपाचा पत्ता असा भेद करत नाही. एक लपवला की दोन्ही लपतात. फळी कोरी झाली ती पुरतीच झाली.

दोन दिवसांत मास्तर यादीतून नाहीसे झाले. तिसऱ्या नंबरावर नाहीत, तेराव्यावर नाहीत, कुठेच नाहीत. आणि यातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट पुढेच आहे. जेव्हा थांबायचे होते तेव्हा हा माणूस थांबला नाही, आणि आता जेव्हा आरडाओरडा करायचा होता तेव्हा तो शहाण्यासारखा थांबला. काही दिवस खाली-वर होईल, घाबरायचे नाही, हे जावयाचे वाक्य त्याने आता घट्ट धरले. लेकीने दिलेला टोमणाही मनात होताच. पुन्हा फोन करून ऐकून घ्यायची हौस नव्हती.

"आहात का?" बायको विचारायची.

"वाळतोय."

"एवढा वेळ?"

"चांगला रंग वेळ घेतो."

आठवडे गेले. विचारणा थांबल्या. मास्तर रोज सकाळी फोनकडे बघत. बाईंचा फोन येईल म्हणून त्यांनी खोलीतले सगळे ब्रश धुऊन, तेल लावून, मापाप्रमाणे लावून ठेवले. दुपारी त्या रस्त्यावर चक्कर मारून येत. कोणत्या दुकानाला कोणते अक्षर शोभेल ते मनात मांडत. चष्मेवाल्याला गोल, ठसठशीत. किल्ल्या करणाऱ्याला अरुंद, उभे. शिंप्याला थोडे झुकते, कापडाला घडी पडते तशी पडणारी रेघ. मनातल्या मनात अर्धा रस्ता त्यांचा रंगवून झाला होता.

फोन आला नाही. पुतण्या आला. हातात फळांची करंडी, आणि काकूच्या पाया पडण्याइतका नम्र.

"काका, बाजाराचं काम मिळालं."

मास्तर आधी खूशच झाले. त्यांना वाटले, निरोप घेऊन आलाय. "बाईंनी तुझ्याकडे सांगितलं होय? मला सरळ फोन करायचा की."

पुतण्याने काकूकडे पाहिले. "तसं नाही काका. काम मला मिळालं. म्हणजे माझ्या दुकानाला. सही झाली परवाच."

मास्तरांनी फळांची करंडी बाजूला सरकवली.

"हाताने रंगवायचंय ना ते?" मास्तरांनी विचारले.

"हो ना. म्हणून तर आलो. माझ्याकडे यंत्र आहे, हात कुठे आहे? हात तुमचाच. मी बाईंना तसं सांगितलंय, आमच्या घरातच माणूस आहे म्हणून."

"त्यांनी मला शोधलं नाही?"

"शोधलं असेल. पण तुम्ही दिसता कुठे?" त्याने मोबाइल काढला आणि समोर सर्च करून दाखवला. पहिला पुतण्या. त्याने पान उघडले. वर मोठ्या अक्षरात 'हाताने रंगवलेल्या पाट्या, आमच्या घराण्याचं काम', आणि खाली फोटोंमागून फोटो. बेकरी. नावेवरचे नाव. चष्मेवाल्याचे जुने दुकान. सगळे मास्तरांचे.

"हे फोटो माझे आहेत."

"तुमच्याच साइटवरून घेतले, काका. घरचंच आहे ना?"

काकू ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "घरचं आहे म्हणूनच लोक कुलूप लावतात वाटतं." पुतण्याने ते ऐकले नाही असे दाखवले.

तो गेल्यावर मास्तरांनी लेकीला फोन केला. आवाज असा उतरला होता की तिने काही न विचारता नवऱ्याच्या हाती फोन दिला. जावई खाते उघडून बघत राहिला. फोनवर नुसते बटणांचे आवाज.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "ही पानं काढायला कोणी सांगितलं?"

"मी. फक्त जुनी काढली."

जावई थोडा थांबला. मग त्याने सगळे सांगितले. एक लपवले की दोन्ही कशी लपतात ते. हळू, अगदी आदराने. त्याने दोन शब्द सुनावले असते तर मास्तरांना भांडता तरी आले असते. "मी ती विनंती मागे घेतलीय," तो म्हणाला. "काही दिवसांत परत दिसाल. खुणा मी ठेवल्या तशाच आहेत, त्यामुळे जागाही परत मिळेल. नुकसान फार नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "फार नाही."

ते धुतलेला शर्ट घालून आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात गेले. नगरपालिकेच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर खोली होती. भिंतीभर रस्त्याचे नकाशे, टेबलावर दगडाचे तुकडे. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले.

"तुमच्याबद्दल मला एका सुताराने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाला, वेबसाइटवर अक्षरं शिकवणारे एक म्हातारे आहेत, त्यांनाच घ्या. मी शोधलं. दोनदा शोधलं. काहीच आलं नाही. मला वाटलं..." त्या अडखळल्या. "खरं सांगते, मला वाटलं तुम्ही गेलात. साइट बंद पडली असेल. मग तुमच्या पुतण्याचं पान मिळालं."

"त्यातलं काम माझं आहे."

"असं?" बाईंनी मान खाली घातली. दगडाचा एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला. "त्यांनी घराण्याचं काम म्हटलं होतं. आता करार झालाय हो. पण रंगवणार तुम्हीच, असं ते म्हणाले. मग चांगलंच झालं ना? रस्त्याला तुमचा हात लागेल."

मास्तर हो म्हणाले. आणखी काय म्हणणार? ते पाणी प्यायले, नमस्कार केला आणि जिना उतरून खाली आले. जिन्याच्या भिंतीवर 'धूम्रपान मनाई'ची छापील पाटी होती. तिचे एक अक्षर वाकडे होते. ते तिच्यासमोर थांबलेही नाहीत.

घरी बायकोने एका शब्दात निकाल लावला. "नाही म्हणा."

"नाही म्हटलं तर तो दुसऱ्या कोणाला शिडीवर चढवेल. माझ्याच फोटोंवरून माझीच अक्षरं काढेल तो. वाकडी."

"काढू दे. त्याचं नाव खराब होईल."

"अक्षर खराब होईल," मास्तर म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिले, मग त्यांच्या अंगठ्याकडे. संसारात तिने फार थोड्या वेळा तोंड मिटले होते. त्यातली ही एक.

काम सुरू झाले. पुतण्याने शिडी दिली, रंग दिला, उन्हासाठी वर कापड बांधून दिले. त्याबाबतीत कंजूषपणा केला नाही. फक्त पहिली पाटी पुरी होत आली तेव्हा तो एक छापील कागद घेऊन आला.

"काका, एवढं खाली उजव्या कोपऱ्यात. बारीक काढलं तरी चालेल. प्रत्येक पाटीवर."

पुतण्याच्या दुकानाचे नाव, आणि त्याखाली त्याच्या वेबसाइटचा पत्ता. एचटीटीपीएसपासून सबंध.

"एवढा लांब पत्ता कोणी पाटीवर लिहितं का?"

"करारात आहे, काका. लोक फोटो काढतात, तिथून शोधतात. तुम्हाला तर ठाऊकच आहे हे सगळं."

मास्तरांना ठाऊक होते. आता तर फारच चांगले ठाऊक होते. त्यांची स्वतःची साइट जावयाने म्हटल्याप्रमाणे परत आली होती. कुलपासकट, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या खुणांसकट. एका सकाळी ते पुन्हा पहिलेही आले. पण रस्त्याची एकेक पाटी पुरी होई, लोक फोटो काढत, आपापल्या पानांवर टाकत, कोपऱ्यातला पत्ता वाचून खाली देत, आणि पुतण्या वर चढत जाई. पहिल्याचे मास्तर दुसरे झाले, मग तिसरे. एकेक पाटी रंगवून ते स्वतःला एकेक पायरी खाली उतरवत होते. बायकोने सकाळी विचारणे सोडून दिले.

तरी त्यांनी कोपरा कधी उरकला नाही. पातळ केसांचा ब्रश घ्यायचे, मनगटाखाली टेकूची काठी धरायचे, श्वास रोखायचे आणि तो परका पत्ता एकेक अक्षर असे काढायचे की बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जावी. मुद्दाम वाईट काढणे त्यांना जमले असते असे नाही. एकदा मनात आले होते, प्रयत्नही केला. हात वळलाच नाही.

शिंप्याच्या दुकानाची पाटी शेवटची. काम उन्हे कलण्याआधी आटोपायचे म्हणून मास्तर सकाळीच शिडीवर चढले होते. कोपऱ्यातले अक्षर पुरे करत असताना एक पोरगी खाली थांबली. गळ्यात कॅमेरा. बाहेरगावची असावी. तिने त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळा रस्ता पाहून घेतला होता हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"आजोबा," तिने मान वर करून विचारले, "ही अक्षरं कोणाची हो?"

मास्तरांनी ब्रश डब्याच्या काठाला निथळवला.

"खाली कोपऱ्यात लिहिलंय बघ," ते म्हणाले. "हात नको लावू. ओलं आहे अजून."